लाल दोऱ्याचे डबे

हौदातल्या वल्ह्याचा आवाज जड झाला आणि मनकर्णाचा हात तोटीवरच थबकला.

"लोणी सुटलं," ती स्वतःशीच म्हणाली.

हिंगण्याच्या त्या कारखान्यात कपाशीवर फवारायचं औषध व्हायचं. तेलात विरघळवलेलं जहर पाण्यात फेटून एकजीव करायचं आणि मनकर्णानं ते डब्यांत भरायचं. नऊ वर्षं झाली. घरी नैवेद्याच्या लोण्यासाठी ती रोज ताक घुसळी. लोणी सुटताना रवी कशी बोलते, हे तिच्या कानांना शिकवावं लागत नव्हतं. इथं तेल सुटलं की वर तरंगायचं आणि तोटी तर तळाला. म्हणजे आधीचे डबे पाण्याचे, शेवटचे निव्वळ जहराचे.

यंदा ढवळण्याचं गणित मालकांनी कृष्णकांत सरांवर सोपवलं होतं. सर कॉलेजात शिकवत, देवमाणूस. हौदात भोवरा कुठून उठेल ते कुणालाच ठाऊक नसतं. फार ढवळावं तर फेस, कमी ढवळावं तर माल फाटतो. म्हणून वल्हं कधी फिरवायचं, कधी थांबवायचं, ते समीकरणातून काढून त्यांनी भिंतीवर लावलं होतं. माल फाटतोय असं मनकर्णानं सांगितलं तेव्हा त्यांनी तो कागद पुन्हा तपासला. सरासरीनं माल एकजीवच राहतो, म्हणाले.

"सर, सरासरी कोणी फवारते का? माणूस एक डबा फवारते."

सर हसले नाहीत. पण कागदही उतरवला नाही.

तिचा भाऊ धोंडबा कन्हानकडे लोकांच्या शेतात फवारणी करी. उघड्या अंगानं.

हौद रिता होताना भरलेले शेवटचे अकरा डबे तिनं बाजूला सारले. उपासाच्या भांड्याला कुणी हात लावू नये म्हणून लाल दोरा बांधायची तिच्या माहेरची रीत. देव्हाऱ्यासाठी घेतलेलं रीळ पिशवीत होतंच. अकरा कड्यांना अकरा दोरे बांधून ती मालकांना सांगायला गेली. मालक जेवत होते. ती दाराशी उभी राहिली.

न सांगताच परतली तो हमालांनी ट्रक भरलेला. ड्रायव्हर महादेव दोरा बांधलेल्या डब्याला हात लावून तो कपाळाला नेत होता.

"महादेवभाऊ, ते उतरवा. त्यात जहर हाय."

"गाडीभर जहरच तं घेऊन चाललो, बाई." तो चढून स्टिअरिंगवर बसला. "पूजेचे डबे मागं काहून ठेवले होते वं? मी सगळ्यांत वर घेतले. कन्हानले पहिले हेच उतरवतो."

ती फाटकापर्यंत धावली. धुळीत लाल दोरे थोडा वेळ दिसले.

हातात रीळ होतं. मागं हौदातलं वल्हं पुन्हा फिरू लागलं, भिंतीवरच्या वेळेला, बरोबर.