पुन्हा तेच शब्द

लग्न करायचं की नाही, याचा मायाबाईंनी जेवढा विचार केला नव्हता, तेवढा लग्नात म्हणायच्या चार ओळींपायी केला.

त्या अकोल्याच्या शाळेत शिक्षिका. पंचावन्नाच्या घरात आलेल्या. नवरा पुंजाराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. देवमन अमरावतीचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले लाईनमन. त्यांची बायकोही वारली होती. नात्यातल्या एका लग्नात दोघांची ओळख झाली, फोन सुरू झाले, आणि शेवटी मायाबाईंची लेक नीलम हिनंच विषय काढला. “आई, करून टाक लग्न.”

बौद्ध लग्नात नवरा-नवरीनं म्हणायच्या प्रतिज्ञाही तिनंच नव्यानं लिहून आणल्या. “जुन्या प्रतिज्ञेत नवऱ्याच्या कमाईचं रक्षण करीन म्हणतात. तुले सोताचा पगार आहे, आई. हे म्हण. ‘आपण मित्र राहू, एकमेकांची मोकळीक जपू.’”

मायाबाईंनी ते दोनदा वाचलं. वाईट काहीच नव्हतं. पण शाळेतल्या निरोप समारंभाचं भाषण वाचल्यासारखं वाटलं. हे म्हटल्यावर लग्न लागेल का?

मग जुन्याच म्हणाव्यात, तर तिथं दुसरीच पंचाईत. ‘पतीशी एकनिष्ठ राहीन’ हे त्या विशीत, अचलपूरच्या मांडवात पुंजारामला म्हणाल्या होत्या. नुसतं म्हणाल्या नव्हत्या, पाळलंही होतं. तेच शब्द आता दुसऱ्या माणसाला द्यायचे म्हणजे पहिले परत घेतल्यासारखं होत नाही का? भाजी फोडणीला टाकताना, मुलांची हजेरी घेताना मन तिथंच घुटमळायचं. एकदा तर त्यांनी एकाच मुलाचं नाव दोनदा पुकारलं.

देवमन कपडे घ्यायला अकोल्याला आले, तेव्हा चहाच्या टेबलावर मायाबाईंनी विचारूनच टाकलं. “तुमी पयल्या लग्नात काय म्हटलं होतं?”

देवमन ओशाळले. “खरं सांगू का, मॅडम? मले काहीच याद नाही. घामानं भिजलो होतो. आचार्य जे म्हणे, थे मी म्हणो.”

मायाबाईंना हसू आलं आणि लगेच रागही आला. ज्या माणसाला आपलं वचन आठवत नाही, त्याच्याकडून नवं वचन घेऊन काय करायचं? पण त्याच माणसानं बायकोच्या आजारपणात दोन वर्षं स्वतःच्या हातानं तिला जेवू घातलं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं. गुंता सुटायचा सोडून वाढला.

लग्नाच्या दिवशी अमरावतीच्या विहारात पांढऱ्या साडीत त्या उभ्या राहिल्या, तरी काही ठरलं नव्हतं. देवमननी जुन्या प्रतिज्ञा म्हटल्या, एकेक शब्द सावकाश. मग विधी लावणारा तरुण बौद्धाचार्य अश्विन मायाबाईंकडे वळला. नीलमनं कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या आणि देवमनकडे वळल्या. “हेच शब्द मी नीलमच्या बाबाले देले होते. थे मी वापस घेनार नाही. तेच तुमाले देले, तं चालतीन का?”

नीलमनं मान खाली घातली.

“चालतीन,” देवमन म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, “न चालाले काय झालं?”

मग मायाबाईंनी जुन्याच प्रतिज्ञा म्हटल्या. एकनिष्ठतेच्या ओळीवर आवाज फाटला. अश्विननं ती ओळ पुन्हा सांगितली, त्यांनी पुन्हा म्हटली. कमाईच्या ओळीत मात्र त्या ‘आपल्या दोघांच्या’ म्हणाल्या. लोकांनी ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं आणि फुलं उधळली.

जेवणाच्या पंगतीत नीलम शेजारी येऊन बसली. डोळे लाल होते. “आई, बाबाचं नाव काहून काढलं तिथं?”

“मले नाही समजून राहिलं, बाई,” मायाबाई म्हणाल्या. “बरोबर केलं का चूक, थेही नाही समजून राहिलं.”

नीलमनं आईच्या ताटात बुंदी वाढली आणि देवमनना, पहिल्यांदाच, “काका, तुमाले देऊ?” असं विचारलं.