घंटा वाजली की पाणी

संगणक घेताना अप्पांनी एकच अट घातली होती. "हे चालतंय तवर तुझा क्लास चालू दे. बंद पडलं की लातूरच्या पावण्यांना हो म्हणायचं." अप्पा म्हणजे माझे वडील, रेवणसिद्धअप्पा. परळीत त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे. त्याला लागून असलेल्या खोलीत मी, बी.एस्सी. फिजिक्स, त्या एका संगणकावर पोरांना शिकवायचे.

खरी भीती राखेची होती. थर्मलची, म्हणजे गावच्या कोळशावरच्या वीज केंद्राची राख आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, पापडांवर बसते, तशी ती संगणकाच्या डब्यातही जायची. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो आणि त्यावर छोटा पंखा. पात्यांमधून हवा खेळली तरच प्रोसेसर थंड राहतो. म्हणून दर रविवारी डबा उघडून मी अप्पांच्या दाढीच्या जुन्या ब्रशनं राख झाडायचे.

मार्चमध्ये एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर फुकटचा प्रोग्रॅम मिळाला. तो प्रोसेसरचं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायचा आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की आवाज द्यायचा. मी मर्यादा पासष्ट अंशांची ठेवली आणि आवाज देवळातल्या घंटेचा.

एका दुपारी माझा विद्यार्थी अंगद टायपिंग करत असताना ती पहिल्यांदा वाजली.

"म्याडम, ह्याला ताप आलाय. गोळी द्या."

"ऊठ तू आधी. बंद करू दे."

अप्पा दुकान सोडून दारात आले. "कावून बोंबलतंय गं हे?"

"प्रोसेसर तापलाय अप्पा. खोलीच भट्टी झालीय."

आतून आई म्हणाली, "उन्हाळ्यात महादेवाच्या डोक्यावर बी गळती लावत्यात, थेंब थेंब पाणी पडतंय. तुमच्या देवाच्या डोक्यावर काय हाय?"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकानातला कूलर उचलून माझ्या खिडकीत बसवला. ते स्वतः उकाड्यात काय करणार, असं मी विचारलं. "माझा माल कुठं तापतोय?" म्हणाले.

आकडा साठच्या खाली आला. कोपऱ्यातला आकडा चांगला दिसत होता, त्यामुळे रविवारी डबा उघडायचं कारण उरलं नाही.

मेमध्ये घंटा पुन्हा वाजू लागली. अप्पांना आता इलाज माहीत होता. घंटा ऐकली की गिऱ्हाईक तसंच सोडून ते बादली घेऊन यायचे आणि कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी ओतायचे. शेजारचे राधाकिशनकाका हसायचे. "अप्पा, पुजारी झालाव का काय?"

"पोरीचा देव लई तापट हाय!" अप्पा ओरडून सांगायचे.

पाणी पडलं की आकडा दोन-तीन अंशांनी उतरायचा. थोड्या वेळानं आधीपेक्षा वर चढायचा. घंटा आधी दिवसातून एकदा वाजायची, मग तासातासाला. अप्पा प्रत्येक वेळी आले.

शेवटच्या दिवशी क्लासमधली शिवानी माझ्याजवळ बसून तिचा पहिला अर्ज टाइप करत होती. घंटा वाजली. "आलो, आलो!" म्हणत अप्पा आले, पाणी ओतलं. आकडा उतरलाच नाही. मी बटणाकडे हात नेईपर्यंत पडदा गोठला, मग काळा झाला. जळकट वास आला.

डबा उघडला. पात्यांमधल्या फटी बुजल्या होत्या. ब्रशनं काही निघेना, तेव्हा मी पेचकस घातला. खपलीसारखे कडक तुकडे पडले. आमच्या गावाबाहेर राखेच्या विटा पाडतात. ओली राख वाळून कशी घट्ट बसते, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. कूलर ओल आत ढकलत होता, तिच्याबरोबर राख. राख बसली की ताप वाढे, ताप वाढला की घंटा, घंटा वाजली की पाणी.

अप्पा रिकामी बादली धरून उभे होते. "मी तर लगीच पाणी टाकलं गं."

"हो अप्पा," मी म्हणाले. "तुम्ही लगेच टाकलं."

अंबाजोगाईच्या दुरुस्तीवाल्यानं प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही गेल्याचं सांगितलं. अप्पांनी अटीचा विषय काढला नाही. नवीन घेऊ, असंही म्हणाले नाहीत. आईनं लातूरला फोन लावला.

पाहुणे रविवारी आले. त्यांना गरम होऊ नये म्हणून अप्पांनी कूलर बैठकीत आणून ठेवला होता. ओलसर वारा सुटला, त्याला राखेचा वास होता.

"पोरगी काय करती?" मुलाच्या मामानं विचारलं.

"बीएस्सी हाय. काम्पुटर शिकवायची," आई म्हणाली.

मी पोह्यांचा ट्रे धरून उभी होते. कूलर कोरडा घरघरू लागला तसे अप्पा उठले आणि बादली आणायला गेले.