अंजनाची गाण्यांची वही

मी गाण्यांची एक जुनी वही आहे. माझी पाने एका रंगाची नाहीत. काही पिवळट आहेत, काही निळसर, काहींवर रेघा आहेत आणि काही अगदी साधी. मित्रांनो, याचे कारण सोपे आहे. मला कोणी दुकानातून आणले नाही. कारंज्याच्या बाजारात वहाब नावाचे एक जिल्दसाज होते. लोकांच्या फाटक्या पोथ्या, शाळेची पुस्तके, जुनी कुराणे ते नव्याने बांधून देत. कडा कापताना जे कागद उरत, ते एका टोपलीत टाकत. मी त्या टोपलीतली आहे.

हे १९३८ सालचे. वहाबचाचांची मुलगी सुगराबी तेव्हा तेरा वर्षांची होती आणि तिची मैत्रीण अंजना तिच्याच वयाची. अंजनाच्या वडिलांचा गावाबाहेर भाजीचा मळा होता. तिची आई कस्तुराबाई रोज सकाळी वांगी, मेथी आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन वहाबचाचांच्या ओट्याला लागून बसे. अंजना जुड्या मांडून देई आणि आईची नजर चुकवून ओट्यावर चढे.

ओट्यासमोर चहाचे हॉटेल होते आणि हॉटेलात चावीचा फोनो होता. मुलींना आत जायची मुभा नव्हती, पण गाणे रस्ता ओलांडून ओट्यापर्यंत येई. तबकडी सुरू होताना जी खरखर होते, नुसत्या तिच्यावरून सुगराबी सांगे की आता कोणते गाणे लागणार. ती कधी चुकली नाही. एकदा ऐकलेली चाल तिच्या गळ्यात बसे. शब्द मात्र तिच्याजवळ टिकत नसत. अंजनाचे उलटे होते. तिला शब्द राहत आणि चाल निसटे. दोघी मिळून एक गाणे पुरे करीत.

अंजना चौथी शिकली होती. ती ओट्यामागच्या भिंतीवर कोळशाने गाणी लिहू लागली. भिंत काळी झाली तेव्हा वहाबचाचांनी टोपलीतले कागद काढले, कापून सारखे केले, दोऱ्याने शिवले, पुठ्ठ्यावर खळ लावून निळी खादी चढवली आणि मला अंजनाच्या हातात दिले. भिंत माझ्या घरमालकाची आहे बेटी, एवढेच ते म्हणाले.

हिवाळ्यात छोट्या रेल्वेगाडीने लोखंडी पेट्या येत आणि मोकळ्या मैदानात सिनेमाचा तंबू उभा राही. दुपारी बैलगाडीवरून ताशा वाजवत जाहिरातीचे कागद उधळले जात. तंबूत बायकांसाठी कनात लावलेली असे, आणि कस्तुराबाई दोघींना घेऊन तिथे बसे. मी मात्र ओट्यावरच राही. गर्दीत फाटेन म्हणून अंजना मला नेत नसे. माझ्यात साठ-सत्तर सिनेमांची गाणी आहेत, पण मी स्वतः एकही सिनेमा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजना ओठ घट्ट मिटून येई. कस्तुराबाईने काही विचारले तरी ती मानेनेच उत्तर देई. तोंड उघडले तर शब्द सांडतील अशी तिला भीती वाटे. धावत येऊन ती मला उघडी आणि सुगराबी चाल धरी. मग दोघी एकेक ओळ बाहेर काढत. हिंदी शब्द अडला तर सुगराबी अर्थ सांगे. तंबूच्या दाराशी गाण्यांचे छापील पुस्तक मिळत असे, पण त्यात चुका असत. सुगराबीचा छापलेल्यापेक्षा स्वतःच्या कानावर भरवसा होता. अंजना तिला अक्षरेही शिकवी. सुगराबीची अक्षरे मोठी आणि कललेली येत, म्हणून माझ्यात लिहायला ती लाजे.

माझ्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला जाहिरातीतून कापलेले एका नटीचे चित्र चिकटवलेले आहे. तिची वेणी एका खांद्यावरून पुढे आलेली आहे. दोघींनी तशी वेणी घातली तेव्हा गिऱ्हाइके हसली म्हणून कस्तुराबाई रागावली होती. महिन्याभरात बाजारातल्या बऱ्याच पोरींची वेणी खांद्यावरून पुढे आली.

लग्नात क्लॅरोनेट वाजवणारा खेमा ओट्यावर येऊन बसू लागला. सुगराबीने दाराआडून चाल गुणगुणायची आणि त्याने ती उचलायची. एकदा वरात ओट्यासमोर आली तेव्हा खेमाने बँड थांबवला आणि दोघींनी आठवड्यापूर्वीच लिहिलेले गाणे वाजवले. दाराआड अंजनाने मला छातीशी इतके दाबले होते की माझा एक कोपरा कायमचा दुमडला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस होता असे मी समजते.

१९४१ साली अंजनाचे लग्न झाले. सासर इंझोरीला. नवरा चंपत विहिरीवर भाजी करी. तो कमी बोलणारा होता. वही कोणी ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा सुगराबीने मला अंजनाच्या पेटीत घातले.

"तू ने," ती म्हणाली. "माह्याजवळ चाली हायेत."

इंझोरीला सासूबाई होत्या, गोजराबाई. सुनेने विहिरीवर गाणी म्हणावीत हे त्यांना पटत नसे. चारचौघांत त्यांनी तसे एक-दोनदा सांगितले. मग अंजना वाफ्यातले तण निंदताना तोंडातल्या तोंडात म्हणू लागली. मला तिने चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवले. पुढच्या साली मुलगी झाली. तिचे नाव चंदा. चंदा बोलायच्या आधी सूर धरू लागली. ती माझ्या पानांवर पालथा हात ठेवी आणि अंजनाने तेच गाणे म्हणावे असा हट्ट करी. गोजराबाई त्या वेळी बाहेर निघून जात, पण उंबरठ्यापलीकडे गेलेल्या मी त्यांना पाहिले नाही.

१९४५ च्या उन्हाळ्यात गावात देवीची साथ आली. चंदाला सोमवारी ताप भरला. शनिवारी ती गेली. तिला तीन वर्षे पुरी झाली होती.

अंजना रडली नाही. आयाबाया येऊन बसल्या आणि तिच्या रडण्याची वाट पाहत राहिल्या. ती उठली आणि पाणी आणायला गेली. पुढे ती सगळी कामे बरोबर करी. भाकरी करपत नसे. भाजीत मीठसुद्धा बरोबर पडे. चंपत तिच्याजवळ येऊन बसला की ती सरकून जागा देई आणि काही विचारले तर उत्तर देई. त्याहून जास्त काही नाही. कोनाड्यातून मला सगळे दिसत होते आणि मलाही काही वाटत नव्हते. कागदाला एरवी हवेतला ओलावा कळतो, ऊन कळते. त्या दिवसांत मला तेही कळले नाही.

एका सकाळी चूल पेटवायला काहीतरी हवे होते. अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, पण मी हाताशी होते. अंजनाने माझे पहिले पान फाडले आणि चुलीत सारले. दुसऱ्या दिवशी दुसरे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पान चांगले पेटले की नाही, एवढेच ती पाही. मित्रांनो, तुम्ही विचाराल, तुला दुखले का? नाही. तिलाही दुखले नसावे. अशी एकोणीस पाने गेली.

विसाव्या दिवशी गोजराबाई पहाटेच उठून आल्या. त्यांना वाचता येत नव्हते. माझ्यात काय लिहिले आहे हे त्यांना कधी कोणी सांगितलेही नव्हते. त्यांनी अंगणातून पऱ्हाट्यांची मोळी आणून चुलीपुढे ठेवली आणि अंजनाच्या हातातून मला काढून घेतले.

"अंजने, हे मी ठिवून देते. तुले लागन तवा माग."

"मले नाई लागत आता, आत्याबाई."

"मंग मले लागन म्हनून ठिवते," गोजराबाई म्हणाल्या.

त्यांनी मला आपल्या लाकडी पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवले. तिथे चंदाचे एक झबले होते. ते त्यांनी कधी तिथे ठेवले हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढच्या बाजाराला चंपतची गाडी कारंज्याला निघाली तेव्हा गोजराबाई भाजीच्या पाट्यांबरोबर बसल्या. मी त्यांच्या गाठोड्यात होते. पाने गेल्यामुळे माझा दोरा सैल झाला होता आणि उरलेलीही सुटू लागली होती. ही वही कोणी बांधली असे विचारत विचारत त्या वहाबचाचांच्या ओट्यावर आल्या. वहाबचाचांनी मला ओळखले. उलटून पाहिले, किती पाने नाहीत ते मोजले आणि काही न विचारता टोपली पुढे ओढली. एकोणीस कागद त्यांनी निवडून काढले.

सुगराबीचे लग्न कारंज्यातच झाले होते. बापाने बोलावणे पाठवले म्हणून ती आली. गोजराबाईंनी तिला सगळे सांगितले. चंदाचे सांगताना त्या थांबल्या नाहीत. चुलीचे सांगताना मात्र थांबल्या. मग त्यांनी विचारले की जी जळली ती गाणी हिला येतात का.

सुगराबी आठ दिवस लिहीत होती. ज्या पोरीने लाजून माझ्यात एक अक्षर काढले नव्हते, ती आता आपल्या मोठ्या कललेल्या अक्षरांत पानेच्या पाने भरत होती. आधी चाल म्हणे आणि चालीमागून शब्द येतात का पाही. बरेच आले. जे आले नाहीत तिथे तिने मोकळी जागा सोडली. पुढच्या बाजाराच्या दिवशी गोजराबाई पुन्हा आल्या, तेव्हा ती नवऱ्याला सांगून त्यांच्याबरोबर गाडीत बसली.

अंजना विहिरीजवळ मेथीच्या जुड्या बांधत होती. सुगराबी तिच्या बाजूला बसली आणि तीही जुड्या बांधू लागली. मेथी संपल्यावर सुगराबीने मला तिच्या मांडीवर ठेवले.

अंजनाने नवी पाने पाहिली. ती कोणाच्या हातची आहेत हे तिला विचारावे लागले नाही.

"मले रडू येत नाई, सुगरा," ती म्हणाली. "समदे वाट पाहून राह्यले. पन येतच नाई."

"तं नोको रडू."

"गानं बी नाई येत."

"मी कुठं म्हन म्हनली तुले?"

मग अंजनाने एका मोकळ्या जागेवर बोट ठेवले आणि इथे काय आहे म्हणून विचारले. सुगराबी म्हणाली की चाल आहे, शब्द आठवत नाही. तिने ती ओळ अगदी हळू गुणगुणली. अंजना ऐकत राहिली. तिने शिसपेन्सिल मागितली आणि तिथे शब्द लिहिला. मग पान उलटले. पुढच्या मोकळ्या जागेशी सुगराबी पुन्हा गुणगुणली आणि अंजनाने पुन्हा लिहिले. ऊन विहिरीच्या काठावरून उतरून गेले तरी दोघी तशाच बसल्या होत्या. अंजना हसली नाही, रडली नाही. तीन जागी तिलाही शब्द आठवला नाही. त्या जागा अजून मोकळ्या आहेत.

तिन्हीसांजेला सुगराबी गेली. अंजनाने मला कोनाड्यात ठेवले नाही. गोजराबाईंच्या पेटीत नेऊन ठेवले.

मित्रांनो, यानंतर सगळे ठीक झाले असे मी सांगितले तर ते खोटे होईल. त्या वर्षी अंजना गायली नाही. हिवाळ्यात चंपत तिला कारंज्याला तंबूत घेऊन गेला. ती शेवटपर्यंत बसली आणि परत आली. सिनेमा कसा होता म्हणून गोजराबाईंनी विचारले, तर चांगला होता म्हणाली. मला काही तिने उघडले नाही.

रडू तिला पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आले. वांगी तोडत होती. विशेष असे काही घडलेले नव्हते. हातातले वांगे तिने पाटीत ठेवले आणि तिथेच वाफ्यात बसली. गोजराबाई पलीकडच्या वाफ्यात होत्या. त्या धावून आल्या नाहीत आणि त्यांनी समजूतही घातली नाही. त्यांचा वाफा कधीच तोडून झाला होता. तरी अंजना उठेपर्यंत त्या तिथेच वाकून पाने चाळत राहिल्या. हे मला गोजराबाईंनीच सांगितले असे समजा. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी पेटी उघडली होती आणि माझ्यावर हात ठेवून बराच वेळ बसल्या होत्या.

आज १९४९ साल आहे. मी अजून त्याच पेटीत आहे. अंजना कधीतरी मला काढते, एखादे पान वाचते आणि परत ठेवते. कधी ओठ हलतात, कधी नाही. शेवटची काही पाने कोरी आहेत. ती भरतील का, हे मला माहीत नाही, आणि त्याची मला घाईही नाही.

तुमच्या घरात कोणाची अशी एखादी वही असेल, तबकड्यांची पेटी असेल, कापून ठेवलेली चित्रे असतील. आता याचा काय उपयोग, असे म्हणून ती रद्दीत टाकू नका. ती वाळवीपासून जपा, कोरडी ठेवा. आणि ज्याची ती आहे त्याने गाणे थांबवले असेल, तर त्याला गा असे म्हणू नका. तो वही मागेल तेव्हा काढून द्या. मागितली नाही, तरी ठेवा.