दाता भाऊ

मित्रांनो, मी एक जुना कंगवा आहे आणि गेली कित्येक वर्षं एका टकल्या माणसाच्या शर्टाच्या खिशात राहतो. यात हसण्यासारखं आहे हे मला ठाऊक आहे. हसून घ्या, मग पुढे सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा रंग तपकिरी होता आणि सगळे दात शाबूत होते. एका आईनं मला दोन मुलांत मिळून एक असा घेतला. "आरसा एक, कंगवा एक, नखरे नकोत," असा तिचा कायदा होता. शाळेच्या घाईत थोरला मला एका टोकाला धरायचा, धाकटा दुसऱ्या. माझे दोन दात त्या ओढाताणीतच पडले. पण काय दिवस होते ते. थोरला कपाळावर केसांचा असा कोंबडा काढायचा की शेजारपाजारचे बघत राहत. त्यातलं निम्मं कौतुक माझ्या वाट्याला यायला हवं होतं, ते आलं नाही. धाकट्याच्या डोक्यात मात्र मी शिरलो की अडकलोच. घरात त्याला झिपऱ्या म्हणत.

मग थोरल्याचे केस गळू लागले. आधी उशीवर दिसले, नंतर माझ्यात. तो मला उजेडात धरून असा बघायचा, जणू मीच ते उपटले. शेवटी या कानापासून त्या कानापर्यंत मागे एक झालर तेवढी उरली. झालरीला कंगवा लागत नाही. तरी त्यानं मला खिशातून काढलं नाही.

धाकट्याच्या लग्नात सगळे फोटोला उभे राहिले, तेव्हा धाकटा मोठ्यानं म्हणाला, "दादाला मधे घ्या, फ्लॅशची गरज नाही." मांडव हसला. थोरलाही हसला आणि न जेवता घरी आला. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नाही. काही कळवायचं झालं तर ते जावाजावांच्या मार्फत जात असे.

यंदा थोरल्यानं डोक्यावर केस लावून घ्यायचं ठरवलं. दवाखान्यानं संमतीपत्र मोबाईलवर पाठवलं, नीट वाचून या म्हणून. थोरल्यानं ते चष्म्याशिवाय वाचलं. टक्कल आणि चष्मा हे एकाच माणसावर अति होतं, असं त्याचं मत आहे. लिहिलं होतं, 'दाता भाग निरोगी असणे आवश्यक.' त्यानं वाचलं, 'दाता भाऊ निरोगी असणे आवश्यक.' मला तर आधी वाटलं विषय माझ्या दातांचा आहे, म्हणून मीही गप्प बसलो.

बरेच दिवस तो फोन उचलून पुन्हा खाली ठेवत होता. एका दुपारी लावला.

"तब्येत कशी आहे तुझी?"

"बरी आहे. का रे दादा?"

"साखरबिखर नाही ना?"

"नाही."

"मग तुझे थोडे केस लागतील मला."

"कधी येऊ?" एवढंच धाकट्यानं विचारलं.

आला तो डोक्यावर रान घेऊन. "महिनाभर कटिंग केली नाही," तो म्हणाला. "म्हटलं, कमी पडायला नकोत."

दवाखान्यात सिस्टरनं कागद पुढे ठेवले. "काका, प्रत्येक पान वाचून खाली सही करा." हे 'काका' ऐकावं लागू नये म्हणूनच तर थोरल्यानं एवढा घाट घातला होता. त्यानं कागद धाकट्याकडे सरकवले. "तू वाच. तुझंही डोकं यात आहे."

धाकटा चष्मा लावून वाचू लागला. सूज येऊ शकते. हवी तेवढी दाटी येईलच याची हमी नाही. लावलेले केस आधी गळतील, मग उगवतील.

"म्हणजे पुन्हा एकदा गळताना बघायचं?" धाकट्यानं विचारलं.

"सवय आहे मला. पुढे."

"दाता भाग..." धाकटा थांबला. "दादा, यात भाऊ कुठे आहे?"

"तिथेच. दाता भाऊ."

"भाग आहे रे. ग."

सिस्टर म्हणाली, "डोक्याची मागची बाजू, काका. तिथलेच केस काढून पुढे लावतात. दुसऱ्या कुणाचे चालत नाहीत."

मी छातीवरच्या खिशात असतो, त्यामुळे आत काय चाललंय ते मला ऐकू येतं. त्या क्षणी फार जोरात चाललं होतं. धाकट्यानं कागद गुडघ्यावर सारखे केले आणि टेबलावर ठेवले.

"मग माझं काही काम नाही इथे," म्हणत तो उठला.

थोरला त्याच्याकडे न बघता म्हणाला, "बस, झिपऱ्या. तीन पानं राहिली आहेत."

धाकटा बसला. कागद पुन्हा उचलत म्हणाला, "दादा, ते लग्नातलं..."

"ते यात छापलेलं नाही. जे छापलंय ते वाच."

धाकट्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मधेच एकदा थोरल्यानं पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे केला. मग धाकट्याचाच चष्मा लावून थोरल्यानं पानापानावर सही केली.

आत नेताना खिसे रिकामे करायला सांगितले. घड्याळ, फोन आणि मी, असे तिघे धाकट्याच्या हाती आलो. सध्या आम्ही बाहेरच्या बाकावर आहोत. धाकट्यानं मला उलटून पालटून पाहिलं आणि सावकाश डोक्यातून फिरवलं. मी अडकलो, ओढला गेलो, पुन्हा अडकलो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता माझ्यात त्याचे दोन केस गुंतले आहेत, एक काळा आणि एक पांढरा.

मित्रांनो, कंगवा स्वच्छ ठेवावा, आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुवावा आणि दुसऱ्याचा वापरू नये, हे तुम्हाला सांगणं माझं कर्तव्य आहे. माझी स्वतःची विनंती मात्र निराळी आहे. थोरला बाहेर येऊन मला खिशात ठेवेपर्यंत हे दोन केस कोणी काढू नका.