डोमाजीच्या टापूवर जनावर नाही

डोमाजी देवाला भीत नसे, बायकोला थोडा भीत असे, पण खरा भ्यायचा तो दंडार लवकर संपण्याला. किरनापूरच्या बाजूला वैनगंगेत एक टापू आहे, तिथे दिवाळीनंतर मंडई भरायची. दिवसा जत्रा आणि रात्रभर दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक. त्यात मिशा उतरवलेले बापेच लुगडी नेसून बाया होत. उजाडायच्या आत ज्या मंडळीची ढोलकी थांबली, तिला गाव वर्षभर हसायचं. डोमाजीच्या मंडळीवर ही पाळी कधी आली नव्हती.

एका साली खबर आली की भोपाळहून कुठल्याशा खात्याचा साहेब ऐन मंडईच्या दिवशी टापू बघायला येतोय. रानातलं जनावर दिसलं तर टापू राखीव, मंडई बंद.

"साहेबाले जनावर दिसू द्याचं नाही," डोमाजीनं मंडळीला बजावलं. "त्याले संस्कृती दाखवा." हा शब्द त्यानं रेडिओवर ऐकला होता.

एरवी वर्षभर तोंड न दाखवणारी जनावरं त्या दिवशी वरातीला निघाल्यासारखी निघाली. साहेबाला घेऊन डोंगा टापूला लागतो न लागतो तोच पाणमांजरांची जोडी वर आली.

"पालतू हैं साहब, धीवर लोगों की," डोमाजी म्हणाला.

झाडीतून चितळाची मादी बघत उभी राहिली.

"और यह?"

"बकरी है साहब. जरा अच्छे घर की."

साहेबाचं सगळं लक्ष भज्यांच्या वासाकडे होतं, म्हणून बकरी खपली. पण पुढे वाळूवर चांगली पुरुषभर लांबीची मगर ऊन खात पडली होती. डोमाजी जागीच थबकला. नायिकेचं लुगडं नेसलेला महागू मागून कुजबुजला, "काहून घाबरून राह्यला, भाऊ? लाकूड हाय म्हण."

"लकड़ी है साहब," डोमाजी म्हणाला.

"अच्छा है. इसी पर बैठकर खाएँगे," म्हणत साहेब निघाला.

आता साहेब मेला तर मंडई नक्कीच बंद. डोमाजी त्याच्या आडवा आला. "उसमें देवी है साहब! दूर से हाथ जोड़ते हैं." आमच्याकडे शेंदूर लागला की दगडाचाही देव होतो, तेव्हा लाकडाला कोण अडवतो? साहेब भाविक निघाला. त्यानं बूट काढले, डोळे मिटून हात जोडले. देवीनं जबडा उघडला तो नेमका त्याचे डोळे मिटलेले असताना. महागू पदर तोंडात कोंबून हसत होता.

मग डफ वाजले. महागू असा नाचला की साहेबानं भज्यांची दुसरी पुडी मागवली. डोमाजीला वाटलं, जिंकलो. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

निघताना साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बहुत बढ़िया. एक भी जंगली जानवर नहीं. हम तो डर रहे थे कि निकल आया तो टापू को हाथ नहीं लगा सकेंगे. अब यहाँ बड़ा डाकबंगला बनेगा."

"और मंडई, साहब?"

"उस पार कर लेना. और यह नाच बंगले पर मेहमानों को दिखाना. पंद्रह मिनट काफी है."

रात्रभराची दंडार आणि पंधरा मिनिटं. डोमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. हिंदीबिंदी सगळी विसरून तो बोलला, "साहेब, थांबा. मी खोटं बोललो. ते लाकूड नाही, मगर हाय. ते बकरी बी चितळ हाय. सारं जंगलच हाय इथं!"

साहेबाचा चेहरा कडक झाला. "देवी का मजाक नहीं करते, डोमाजी," तो म्हणाला. जाता जाता त्यानं मगरीला पुन्हा हात जोडले, आणि डोमाजीलाही जोडायला लावले.