श्वासाने उडालेली गोळी

ताईच्या टेबलावर मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान अशी काचेची गोळी होती, आणि ती शेवटची होती.

गोळीच्या पोटात हेलियम-३, म्हणजे हेलियमचाच एक हलका प्रकार. चार वाजता तिच्यावर चहूबाजूंनी साठ लेझर किरण एकदम पडणार, ती आतल्या आत चेपली जाणार, आणि डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी तिथं सूर्याच्या गाभ्यातल्या साखळीतलंच एक पाऊल घडणार. हेलियमची अणुकेंद्रं एकमेकांत मिसळून प्रोटॉन बाहेर फेकणार. ते मोजता यावेत म्हणून ताईचा धाकटा भाऊ तीन वर्षं घाम गाळत होता. उद्यापासून लेझर दुसऱ्या गटाचा. यांची पाळी पुन्हा दीड वर्षानं.

गोळी केसाहून बारीक दांडीच्या टोकावर चिकटवायची, हे ताईचं काम. नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी बजावायची, "हात थरथरला तर सावरता येतो. श्वास सुटला की संपलं."

आज मात्र मास्कमुळं सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर वाफ धरत होती, म्हणून तिनं तो हनुवटीखाली ओढला होता. तेवढ्यात भाऊ दारातून आत येऊन टेबलापाशी उभा राहिला.

"झालं का गं?"

"गप्प उभा राहा."

"राहतो. पण ताई, सूर्य इतकी अब्जावधी वर्षं जळतोय, त्याच्याकडं कुणी अहवाल मागितला नाही. माझ्याकडं मात्र दर सोमवारी!"

ताईला फिस्सकन हसू फुटलं. गोळी गेली.

"हलू नकोस!" ती ओरडली. भाऊ पुतळ्यासारखा थिजला.

"सापडेल ना?" त्याचा आवाज लहानपणी अंधारात यायचा तसा आला.

"सापडेल रे बाळा. आता बोलू नकोस."

चूक आपली, हे तिला पुरतं कळत होतं. पण आधी डोकं चालवायला हवं. केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना? तशीच इतकी हलकी वस्तू जमिनीवर पडत नाही, जवळच्या प्लॅस्टिककडं धावते. मग जवळ प्लॅस्टिकचं काय होतं? तिनं दिवा आडवा धरला. टेबलाची कड, हातमोजे, बाही. काहीच नाही. मग उजेड भावाच्या तोंडाकडं वळला. केस गळून पडू नयेत म्हणून त्याच्या दाढीवर बांधलेल्या नायलॉनच्या जाळीत एक कण लुकलुकला.

"श्वास रोखून धर."

तिनं हवा ओढणाऱ्या बारीक नळीनं गोळी उचलली. भिंगाखाली पाहिलं: तडा नव्हता, पण जाळीचा एक धागा चिकटला होता. तसाच राहिला तर गोळी एका अंगानं चेपली जाईल. ताईनं काडीला चिकटवलेला पापणीचा केस घेतला. हो, माणसाच्या पापणीचा. इतकं मऊ आणि इतकं ताठ हत्यार दुसरं नाही. तिसऱ्या खेपेला धागा सुटला.

"आता सोड श्वास. निळा पडलास."

चारला दहा कमी असताना गोळी दांडीवर बसली आणि भाऊ ती जपत लेझरच्या कक्षात घेऊन गेला. चार वाजता जमिनीखालून एक दबका धक्का आला, खुर्च्या जराशा हलल्या, बस्स.

तासाभरानं भाऊ कागद फडकवत आला. आलेखाच्या रेषेवर एक छोटा उंचवटा होता.

"हे प्रोटॉन. मोजण्याइतके आलेत!"

ताईनं चष्मा वर करून बारकाईनं पाहिलं.

"डावीकडं जरा झुकलाय."

"ताई, तसाच असतो तो."

"असू दे," ती म्हणाली, आणि कागदावरून अलगद बोट फिरवलं. "छान आलाय."