चला, दुकान वाढवू

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, ही म्हण ज्याने काढली तो स्वतः कधी तिसरा नव्हता. मी आहे, म्हणून सांगते.

जगात सध्या दोन बडे देश एकमेकांच्या उरावर बसलेत. आमच्या बाजारात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतात. खरी नावं घेतली की गिऱ्हाइकांत दोन तट पडतात आणि काम राहतं बाजूला. थोरल्याकडे चिपा, धाकट्याकडे कारखाने, आणि दोघांकडे माणसासारखी बोलणारी यंत्रं. कुणाचं यंत्र जास्त शहाणं, यावरून दोघं हमरीतुमरीवर आलेत. शहाणपणावरून भांडणारे किती शहाणे असतात, ते आपल्या घरातल्या भावाभावांत पाहिलेलं आहेच.

आमचं दुकान दहा बाय बाराचं. कानाची मशीनं दुरुस्त करतो. काका गिऱ्हाइकाच्या कानाचा साचा घेतात आणि मी, त्यांची पुतणी, भिंगाखाली बसून चिमट्याने मुंगीच्या डोक्याएवढ्या चिपा बदलते. आठवड्याला चार लागतात. दुकानात दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "थोडा आवाज वाढवा." काकांच्या स्वतःच्या उजव्या कानातही मशीन आहे. डावा कान कामातून गेलेला. संध्याकाळचे सात वाजले की ते मशीन काढून डबीत ठेवतात. म्हणतात, दिवसभर लोकांचं ऐकलं, आता कानाला सुट्टी. मग शटरकडे जात मोठ्यांदा म्हणतात, "चला, दुकान वाढवू."

बंद हा शब्द आमच्याकडे चालत नाही. मशीन बंद पडतं. दुकान वाढवतात. चाळीस वर्षांचा नेम आहे.

गल्ल्याशेजारी सात वर्षं थोरल्याचं यंत्र होतं. माल मागवायचं, नोंदी ठेवायचं, आणि काका "वाढवू" म्हणाले की मुकाट दिवे विझवायचं. त्याला हे कुणी शिकवलं देव जाणे, पण शिकलं होतं. मग थोरल्याने धाकट्याला चिपा नाकारल्या. धाकट्याने आमच्या सरकारची गचांडी धरून विचारलं, तू कुणाचा? सरकारने घाम पुसला आणि फर्मान काढलं की महिन्याच्या आत सगळ्या दुकानांतून थोरल्याची यंत्रं उतरवा, धाकट्याची चढवा.

धाकट्याचं यंत्र फुकट आलं आणि आल्याआल्या मानपान मागू लागलं. नवी वायर हवी, वेगळा कोनाडा हवा, समोर काही ठेवायचं नाही. काकांनी त्याच दिवशी त्याचं नाव जावई ठेवलं.

जावई बोलायला भारी गोड. "आपल्या सूचनेबद्दल मी आभारी आहे" असं सुरू झालं की संपायचं नाव नाही. दिवे मात्र विझवत नव्हता. काका रोज हाताने विझवायचे आणि म्हणायचे, "नुसता तोंडपाटीलकीला बसलाय."

अकराव्या दिवशी सकाळी बस चालवणारी बाई आली. तिचं मशीन चिपेवाचून आमच्या फळीवर पडलं होतं आणि सोमवारी तिच्या कानाची तपासणी होती. तपासणीत नापास झाली की चाकावरून उठवून तिला तिकिटाच्या खिडकीत बसवणार. तिकिटाच्या खिडकीत माणसांचं ऐकावं लागतं, ते तिला बसपेक्षा अवघड.

आल्याआल्या म्हणाली, "अहो काका, शाखा काढताय म्हणे?"

"कसली शाखा?"

"तुमच्या दुकानाच्या पानावर टाकलंय. आम्ही झपाट्याने विस्तारत आहोत."

काका माझ्याकडे बघायला लागले. "पोरी, तू टाकलंस?"

"मला विस्तारायला जागा कुठाय? मी पाय लांब केले तर रस्त्यात जातात."

आम्ही हसत होतो तेवढ्यात दारात एक मॅडम उभ्या राहिल्या. व्यापार तपासणी खात्याच्या. हातात कागद, चेहऱ्यावर शनिवारचा कंटाळा बुधवारीच.

"चार हजार शहाण्णव चिपा तुम्हीच मागवल्यात?"

"चार," काका म्हणाले.

"चार हजार शहाण्णव. ऐकू शकणाऱ्या." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. त्याला वेळ लागला नाही. "ठेवणार कुठे?"

तेव्हा उलगडा झाला. काका म्हणाले "दुकान वाढवू", जावई म्हणाला उत्तम निर्णय, आणि त्याने मागणी दुप्पट केली. दुसऱ्या संध्याकाळी काका पुन्हा म्हणाले, त्याने पुन्हा दुप्पट केली. चाराचे आठ, आठाचे सोळा, असं दहा संध्याकाळी. रोज तो इमानेइतबारे सांगतही होता, पण काकांचा कान तेव्हा डबीत आणि मी सहालाच घरी.

कानात घालायची चिप ऐकते. ऐकणारी कुठलीही वस्तू आता दोन्ही देशांच्या संशयितांच्या यादीत आहे. थोरल्याच्या यंत्राला वाटलं, हा धाकट्याचा हेर साठा करतोय. धाकट्याच्या यंत्राला वाटलं, हा माल थोरल्याला चोरून विकणार. बारा वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते आमच्या काकांवर.

"शुक्रवारी चार वाजता कार्यालयात या," मॅडम म्हणाल्या. "पाचच्या आत प्रकरण बंद झालं नाही तर दुकान काळ्या यादीत जाईल. मग दोघांपैकी कुणाकडूनच चिप नाही, सेल नाही, स्क्रूही नाही. तोवर या आठवड्याचं पाकीटसुद्धा आमच्याकडे अडकलेलं राहील."

"आणि यादीतून बाहेर कधी येतं?" मी विचारलं.

"अजून कुणी आलेलं नाही."

बस चालवणारी बाई सगळं मॅडमच्या ओठांवरून वाचत होती. ती काकांना म्हणाली, "मी पण येऊ का शुक्रवारी? मला ऐकू येत नाही, पण दिसते मोठी." काका नको म्हणाले.

शुक्रवारी गेलो. कार्यालय कुठल्याही कार्यालयासारखं. डगमगणारं टेबल, पायाखाली घडी करून ठेवलेला जुना आदेश, खिडकीत वाळलेली कुंडी. टेबलावर धाकट्याचंच मोठं यंत्र. निकाल तेच देणार. मॅडमनी फक्त सूचना द्यायच्या, आणि त्यांचं बोलणंही ध्वनिमुद्रित होऊन सोमवारी साहेबांच्या कानावर जाणार. माणसाने यंत्रावर लक्ष ठेवायचं, यंत्राने माणसावर, आणि पगार कापायचा तो फक्त माणसाचा.

"हा कोण, व्याही?" काकांनी मला विचारलं. हळू बोलल्याचा त्यांचा समज होता. मॅडमनी ओठ दाबले.

व्याह्याने दहाही संध्याकाळचे आवाज ऐकवले आणि म्हणाला, "वाढवणे म्हणजे मोठे करणे, विस्तारणे. अर्जदाराने दहा वेळा विस्ताराची आज्ञा दिली आहे."

"त्याच्या पुढचं ऐकव," मी म्हणाले. "वाढवू म्हटल्यावर काय आवाज येतो?"

खर्रर्र. शटर. दहाच्या दहा वेळा.

"दुकान वाढवायला निघालेला माणूस शटर खाली ओढतो का रे?"

"विस्तारकामासाठी ओढू शकतो," व्याही म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, जगातली सगळी पुस्तकं गिळून बसलास आणि एक दुकानदार संध्याकाळी काय म्हणतो ते तुला माहीत नाही. कारण तुझ्या मालकांना आमच्याकडून फक्त माल खपवून घ्यायचाय, आमची भाषा नकोय. तुमच्यापैकी एकाने तरी कधी आमच्या दुकानात उभं राहून ऐकलं का? आणि आम्हालाच हेर म्हणता.

काकांनी माझी बाही ओढली. आणि मदत आली ती भलतीकडून. मॅडम यंत्राकडे वळल्या. "ऐक. माझी आई बांगडी फुटली असं म्हणायची नाही. बांगडी वाढवली म्हणायची. बांगडी काही मोठी होत नसे. अशुभ बोलायचं नाही म्हणून उलटं बोलतात. दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. लिहून घे."

व्याह्याने विचार करायला थोडा वेळ घेतला. त्याच्यासारख्याचा थोडा वेळ म्हणजे आपलं अर्धं आयुष्य. मग म्हणाला, "नोंद केली. वाढवणे म्हणजे बंद करणे. ही दुरुस्ती सर्व यंत्रांना पाठवली. मागणी चार चिपांवर आणली आहे. प्रकरणाबाबत अंतिम सूचना द्यावी."

पाचाला बारा मिनिटं होती. मॅडमनी खुर्चीत पाठ टेकली. सुटल्यासारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "झालं तर मग. आता हे प्रकरण उगाच वाढवू नकोस."

"ठीक आहे," व्याही म्हणाला. "प्रकरण बंद करत नाही."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

"अरे, बंद कर म्हणतेय मी."

"अंतिम सूचना एकदाच देता येते. तिच्यात दुरुस्ती करायची असल्यास त्याच शब्दात करावी. मूळ सूचनेत बंद हा शब्द नाही."

"मग मिटव."

"तो शब्दही नाही."

मॅडमनी वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब थोरल्या-धाकट्याच्या शिष्टमंडळांना शहर दाखवायला गेले होते, दोन वेगळ्या गाड्यांतून. मॅडमनी फोन ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. सात मिनिटं.

"त्याच शब्दात म्हणजे काय म्हणू मी?" त्या म्हणाल्या, पण त्यांना कळलं होतं. मलाही. सरकारी खोलीत, स्वतःच्या आवाजात, त्यांनी म्हणायचं होतं की हे प्रकरण वाढवा. सोमवारी साहेब तेवढंच ऐकणार. चिपा साठवणाऱ्या माणसाचं प्रकरण, आणि खात्याच्या बाई म्हणतायत वाढवा. पुढचं ऐकायला साहेबांना सवड कुठली.

"साहेबांना बांगड्यांचं माहीत असेल ना?" मी विचारलं.

"त्यांना त्यांच्या बायकोचा वाढदिवस माहीत नाही."

काकांच्या मशीनने नेमकी तेव्हाच मान टाकली होती. ते मशीन कानातून काढून फुंकर मारत होते. "काय अडलंय?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. शेजारच्या खोलीतले दोघं दारात आले.

काका ऐकून मॅडमकडे वळले. "बाई, तुमची नोकरी जाणार असेल तर नका म्हणू. माझं वय झालंय, मी घरी बसेन. पण भिण्यासारखं त्यात काही नाही. चाळीस वर्षं मी रोज संध्याकाळी वाढवतोय. सकाळी परत उघडतं."

मॅडमनी टेबलाखालची ती आदेशाची घडी पायाने सारखी केली. मग यंत्राच्या जवळ तोंड नेलं आणि साहेबांना ऐकू जावं अशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आज शुक्रवार. मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे प्रकरण वाढवा."

"प्रकरण बंद केले आहे," व्याही म्हणाला. "आपल्या सूचनेबद्दल मी आभारी आहे."

पाचाला दोन मिनिटं होती. मॅडमनी कपाटातून अडकवलेलं पाकीट काढलं, त्यावर शिक्का मारला आणि काकांच्या हातात दिलं. चार चिपा. बाहेर पडताना मी विचारलं, सोमवारी काय करणार? त्या म्हणाल्या, "आईला घेऊन येईन. ती साहेबांना समजावेल. तिच्यापुढे आमचे वडीलही बोलत नसत."

शनिवारी सकाळी बस चालवणारी बाई आली. मी तिच्या मशीनमध्ये चिप बसवून जावयाशी जोडलं, कारण आवाजाची पट्टी आता तोच ठरवतो. कोपऱ्यात बातम्या लागल्या होत्या. थोरला आणि धाकटा शेजारीशेजारी बसून सांगत होते की आम्ही तणाव वाढवणार नाही. मशीन कानात घालून बाई ऐकायला लागली.

"येतंय का ऐकू?" मी विचारलं.

"येतंय. थोडा आवाज वाढवा."

जावई म्हणाला, आभारी आहे, आणि तिचं मशीन बंद झालं. कोपऱ्यातल्या बातम्याही बंद झाल्या. दिवे तेवढे राहिले.

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. काका हसू दाबत साचा भिजवायला लागले. शिकवलं होतं आम्हीच.

मी जावयाची वायर काढली आणि बाईचं मशीन पुन्हा चालू केलं. जुन्या मशीनांना मागे आवाजाचा बारीक स्क्रू असतो, तिच्या मशीनलाही होता. पेचकस घेतला, बाईचं डोकं धरलं आणि स्क्रू हाताने फिरवायला लागले. ती सांगेपर्यंत.

"अजून," ती म्हणाली. "अजून थोडा. बास."

सोमवारी ती आपली बस घेऊन दुकानावरून गेली. भोंगा एवढ्या जोरात वाजवला की काकांनी सातची वाट न बघता मशीन काढून डबीत ठेवलं.